रांजणातला बुडबुड्या आणि भट्टीतली ठिणगी

“येलवालच्या तळ्यावर हत्तीला पंख फुटले, असं बाजारात सांगून आलोय,” म्हणत सुब्बराव काकांनी आपली नवी सायकल रांजणामागच्या भिंतीला टेकवली. “अर्धं म्हैसूर गाड्या जुंपून निघालंय. आता तरी नीळ सुधारली का?”

“नाही,” अज्जा म्हणाले.

तुमच्या घरी नीळ बिघडत नसेल, म्हणून सांगते. या रंगाऱ्यांच्या घरात निळीचा रांजण रुसला, की बाजारात एक सणसणीत थाप सोडायची रीत होती. थाप जितकी लांब जाईल, तितका रांजण लवकर ताळ्यावर येतो, अशी त्यांची समजूत. मोठी माणसं हे अगदी गंभीर चेहऱ्याने करत. मुलांनी थाप मारली की मात्र कान पिळत.

पण या खेपेला थाप लागू पडली नव्हती. दसरा आठ दिवसांवर आला होता, मिरवणुकीने बन्नीमंटपाला जाणाऱ्या स्वारांचे फेटे रंगवायचे होते, आणि रांजणातून कुजका वास येत होता. अज्जांच्या अज्जांनी लावलेली ती नीळ आजवर कधी ओतून टाकली नव्हती.

“चार वाजता ओतून टाका,” अज्जा म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. सकाळपासून त्यांनी घासही घेतला नव्हता.

त्यांची अकरा वर्षांची नात तुंगा हे ऐकत होती. ती रांजणापाशी जाऊन वाकली.

“दामू, इकडे ये. हे बघ.”

दामू तिचा आत्येभाऊ. सुट्टीला आलेला, तिच्याहून वर्षाने मोठा आणि स्वतःला फार शहाणा समजणारा. रांजणाच्या झाकणापासून निळी पावलं निघाली होती, करंगळीच्या नखाएवढी, तीन-तीन बोटांची.

“बेडूक असेल,” दामू म्हणाला.

“बेडूक उड्या मारतो. हे कुणीतरी चालत गेलंय.”

पावलं परसात गेली होती. तिथे गवतावर फेट्याचं पांढरं कापड वाळत पसरलं होतं. त्याच्या मधोमध जे पडलं होतं, ते पाहून दामूची बोबडीच वळली.

मुठीएवढं निळं जनावर होतं ते, उन्हाने तडकलेलं. त्याच्यापासून वीतभर अंतरावर खारीएवढं दुसरं, निखाऱ्यासारखं लाल. ते दुसऱ्या टोकाकडून कापड जाळत आलं होतं, आणि त्याची अर्धी शेपटी राख झाली होती.

“माझी भिंत गार का झाली?” निळं जनावर पुटपुटलं.

“कसली भिंत?” तुंगाने विचारलं.

“हा बुडबुड्या. मी ठिणगी, भट्टीतली,” लाल जनावर धापा टाकत म्हणालं. “मला पाणी सोसत नाही, त्याला ऊन. आमच्या मधे भिंत होती, म्हणून तर मैत्री झाली. इकडून मी पाठ टेकायची, तिकडून तो. त्याला ऊब मिळायची आणि मला गोष्टी. आठ दिवसांपूर्वी तुमच्या काकांनी भट्टी विहिरीकडे नेली, म्हणून आज आम्ही एकमेकांना शोधायला निघालो.”

“सायकलला जागा हवी म्हणून!” तुंगाला इतका राग आला, की डोळ्यांत पाणीच आलं. “दामू, हे दोघं मरतील. ऊठ.”

तिने ओल्या पंच्यात बुडबुड्याला गुंडाळलं. दामूने घमेल्यात राख घेऊन ठिणगीला उचललं आणि चटका बसला तरी सोडलं नाही. काकांची सायकल तुळशीपाशी आडवी झाली. तिच्या जागी, भिंतीला लागून, तीन विटा आणि गोवऱ्या रचल्या गेल्या. ठिणगी गोवऱ्यांत शिरली, बुडबुड्या रांजणात उतरला.

तेवढ्यात काका बादल्या घेऊन आले. “तुंगा, सरक.”

“नाही सरकणार.” ती झाकणावर मांडी घालून बसली. “आधी अज्जांना बोलवा.”

अज्जा आले. तिने झाकण उचललं. रांजणात तांब्याच्या रंगाचा फेस फुलला होता. नीळ जिवंत झाली होती.

“हे कसं झालं?”

तुंगाने एका दमात सगळं सांगितलं. काकांनी मांडीवर थाप मारली. “ह्याला म्हणतात थाप. माझा हत्ती काहीच नाही हिच्यापुढे!”

“थाप नाही काका, खरंच आहे.”

“बरोब्बर. अस्संच सांगायचं, डोळ्यांत पाणी आणून.”

“शाब्बास, पोरी,” अज्जाही हसले. “इतकी छान थाप आपल्या घराण्यात कुणी मारली नव्हती.”

खरं सांगून खोट्याची शाबासकी मिळेल, असं तुंगाला स्वप्नातही वाटलं नव्हतं. काका खुशीत परसात गेले, आणि लगेच ओरडत आले.

“अय्यो, हा फेटा कुणी नासवला?”

अज्जांनी कापड पसरलं. एका टोकाकडून इवली निळी पावलं आली होती, दुसऱ्या टोकाकडून तशीच जळकी. मधे वीतभर जागा कोरी होती. अज्जा हळूच खाली बसले आणि त्यांनी त्या कोऱ्या जागेवर हात ठेवला.

“सुब्बा,” ते म्हणाले, “भट्टी उद्या जुन्या जागी आण.”

“आणि माझी सायकल?”

“ती येलवालला ने. पंख फुटतील.”

मग त्यांनी तुंगाला जवळ ओढलं. “मघाशी दिलेली शाबासकी मी परत घेतो. ती थापेची होती. आता ही घे.”

आणि त्यांनी आपला निळीने रंगलेला हात तिच्या डोक्यावर ठेवला.