पयेखाली

मे महिन्यातल्या एका दुपारी रघू आपल्या बहिणीला, मीनलला, उल्हासनगरला माहेरी न्यायला बदलापूरजवळच्या खरवईत आला. रिक्षा कच्च्या रस्त्यावर उभी करून दारातूनच म्हणाला, "ताई, आवर लवकर. रिक्षावाला कटकट करतोय."

आवरायचं होतंच काय? एक पत्र्याची ट्रंक. लग्नाला सहा महिने झाले होते आणि संसार वीस दिवसांचा.

तिचा नवरा भगवान अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर. कारखान्याने त्याला लग्नाआधी वर्षभर रशियाला शिकायला धाडलं होतं. तिथून त्याने केसाळ कानटोपी आणली, जी बदलापूरच्या हवेत शत्रूच्याही डोक्यावर घालू नये. आणि एक खूळ आणलं. लांबच्या प्रवासाला निघताना घरातल्यांनी सामानावर मिनिटभर गप्प बसायचं. मग कुणीतरी म्हणायचं, "पयेखाली." म्हणजे, चला, निघू. तो शब्द होईपर्यंत निघालो असं धरायचं नाही.

सासूबाई माई मोतीबिंदूने अधू, कानही यथातथाच. त्या म्हणायच्या, "पाय खाली? अरे, खालीच आहेत माझे."

डिसेंबरात तो पुन्हा रशियाला निघाला, तेव्हा दोघं याच ट्रंकेवर बसली होती. दारात शेजारणी पदर तोंडाला लावून हसत होत्या. मीनल लाजून अर्ध्या मिनिटातच उठली. "उठा की. लोक बघतायत."

तो हसत उठला, "येतो" म्हणाला. तो शब्द म्हणायचा राहूनच गेला.

जानेवारीत तार आली. न्यूमोनिया. तिकडेच बर्फाळ मातीत पुरला. हसणाऱ्या शेजारणींनीच तिची जोडवी उतरवली. बुद्धवंदना झाल्यावर माई म्हणाल्या, "आपल्यात भूतबीत मानत नाहीत. गेला तो गेला." त्यानंतर त्या ट्रंकेला वळसा घालून चालायला लागल्या.

आता मीनल ट्रंकेवर बसली. राहिलेलं अर्धं मिनिट तरी पुरं करावं म्हणून.

वीज गेलेली. बाहेर ऊन नुसतं भाजून काढत होतं. आणि घरात हळूहळू गारवा शिरला. ओल्या लोकरीचा वास आला. तिच्या डाव्या हाताला ट्रंकेचा पत्रा कुरकुरला, दबला… कुणीतरी जपून बसल्यासारखा.

तिने मान वळवली नाही. शब्द तिला पाठ होता. म्हटला, की भगवान सुटणार होता. आणि जाणार होता.

"मी नाही म्हणायची," ती पुटपुटली. "बसू असंच…"

"ताई, झालं का गं?" बाहेरून रघू.

आतून माई भिंत चाचपत आल्या. ट्रंकेपाशी त्यांचा पाय ओल्यात पडला. दचकल्या नाहीत. रोजच्याच कुरकुरीच्या सुरात म्हणाल्या, "बूट घालून वर चढून बसलास होय रे? पाणी ठिबकतंय सगळं, बर्फासारखं… पाय खाली घे बघू. पाय खाली…"

"माई, नको…"

टण्णकन पत्रा वर आला.

शहाबादी फरशीवर बुटांचे ओले ठसे उंबऱ्यापर्यंत गेलेले. त्यांना खेटून दुसरी पावलं. अनवाणी, लहान, मीनलच्याच मापाची. दर पावलाला बोटाशी जोडव्याची गोल खूण.

मीनल अजून ट्रंकेवरच होती. तिने पदर सावरून आपल्या पायांकडे पाहिलं. बोटं कोरडी होती, आणि मोकळी.