कापसाच्या खोलीतले ठोके

पटो न पटो, हे घडलेलं आहे. आमच्या घराण्यातल्या जयवंता सुईणीने मरेपर्यंत ही हकीकत एका शब्दानेही बदलली नाही.

साल १८६४. पौषातली दुपार. हिवरखेडजवळचं एक गाव.

त्या वर्षी कापसाला असा भाव आला होता की लोक स्वतः अंगणात निजत आणि घरात कापूस भरत.

खुशालरावाने तर मागची खोली छतापर्यंत भरली होती.

त्याच्या पहिल्या बायकोची मुलगी वच्छला. सात वर्षांची. पंधरा दिवस ती कुणाला दिसली नव्हती.

शेजारच्या गोदाबाईने पाटलाच्या कानावर घातलं. "पोरीले लय मारते ते लोक. आधी रडनं तरी आयकू ये. आता तेही नाही."

खुशालरावाशी वैर कोण घेणार? पाटलाने "बाईमाणसाचं काम" म्हणून जयवंताला पुढे केलं.

तिने आधी ओसरीवर खुशालरावाला गाठलं.

"पोरगी कोठी हाय?"

"मामाकडं. मोर्शीले."

मग ती आत गेली. त्याची दुसरी बायको कौशल्या चुलीपाशी एकटीच होती. तिलाही तेच विचारलं.

"मामाकडं गेली," कौशल्या वर न बघता म्हणाली. "अकोल्याले."

तेवढ्यात...

ठक्.

भिंतीपलीकडून. कापसाच्या खोलीतून.

"उंदीर असन," कौशल्या म्हणाली. तिने घाईघाईने चुलीत लाकूड सारलं.

ठक्... ठक्.

खुशालराव आत आला. "चाल, नीघ इथून! गावात दुसऱ्या सुईनी हायेत, तुह्यावाचून कुनाचं अडत नाही."

"असतीन. पन तुही पोरगी ह्या हातांवर जन्मली. तिले पाह्यल्याशिवाय मी हालत नाही. मारतं का? मार."

त्याने हात उगारला...

आणि ठोके सुरू झाले.

दारावर. आतून. कडी नाचायला लागली.

त्याचा हात हवेतच राहिला. जयवंताने त्याला बाजूला सारून कडी काढली.

आवाज बंद.

दारामागे कुणीच नव्हतं. नुसता कापूस.

तिने दोन्ही हातांनी तो उपसला. पार मागच्या भिंतीशी वच्छला सापडली. जिवंत. अंगभर वळ. हातपाय सुतळीने बांधलेले.

दार तिच्यापासून दहा हात लांब.

"बाई, मंग दार कोन ठोकत होतं?" जयवंताने पोरीला विचारलं.

"माय," पोर पुटपुटली.

तिच्या मायला जाऊन तीन वर्षं झाली होती. शेवटची आंघोळ जयवंतानेच घातली होती.

जयवंताने पोरीला खांद्यावर घेतलं. भर रस्त्याने, सगळ्यांच्या देखत, पाटलाच्या ओट्यावर नेऊन बसवलं.

"हे वळ पाह्य. अन् सांग आता, हे बाईमानसाचं काम हाय का पाटलाचं?"

पोर जयवंताकडेच राहिली. खुशालराव तिला न्यायला कधी आला नाही.

पुढचं मात्र जयवंता दबक्या आवाजात सांगायची.

उन्हाळ्यात एकदा वच्छलाच्या हातून दूध सांडलं. जयवंताचा हात रागाने उठला...

आणि मागून कुणीतरी तो वरच्या वर धरला.

गार हाताने.

घरात त्या दोघीच होत्या. वच्छला समोर उभी होती.

जयवंता मागे न बघता मोठ्याने म्हणाली, "बरं केलं. ऱ्हाय मंग इथंच. लक्ष ठेव माह्यावर."

मनगटावरची पाच बोटं आठ दिवस निळी होती.

पोरीवर तिने पुन्हा हात उगारला नाही. आणि त्या घरात ती मरेपर्यंत भिंतीला पाठ लावूनच बसली.