गिअरबॉक्समधला भुसा

भुताला घाबरणारा माणूस मी नव्हे. ज्या विहिरीवरून तुम्ही पोरं दिवसासुद्धा पळत जाता, तिच्या काठावर मी भर रात्री एकटा बसून विडी ओढलेली आहे. आता विडी पेटता पेटेना, काडेपेटी हातातून विहिरीत पडली, आणि मी घरी आलो तो एकाच चपलेवर, हा भाग वेगळा. दुसरी चप्पल अजून तिथेच असेल. ज्याची छाती असेल त्याने आणून दाखवावी. कोणी उठत नाही ना? मग गप ऐका. आणि ए चष्मेवाल्या, पाय वर घेऊन बस. का, ते विचारू नकोस.

गोष्ट माझी नाही, मिस्त्रीची. माझ्या चांगल्या बसण्याउठण्यातला माणूस. गावाबाहेर लाकडाच्या वखारीला लागून त्याचं गॅरेज. हात कसबी, जीभ साखरेची, आणि मन... मनाचं राहू द्या.

जुन्या गाडीच्या गिअरबॉक्सचं बेअरिंग झिजलं की गाडी तिसऱ्या गिअरला रडायला लागते. ऊंऽऽ करून, दाढ दुखणाऱ्या पोरासारखी. सरळ माणूस गिअरबॉक्स उतरवतो आणि बेअरिंग बदलतो. मिस्त्री काय करायचा? वखारीतून ओंजळभर बारीक भुसा आणायचा, जाड ऑइलमध्ये कालवायचा आणि ओतायचा आत. भुसा दात्यांच्या फटीत जाऊन बसतो आणि गाडी चिडीचूप होते. काही महिनेच. पुढे तोच भुसा ऑइलची वाट अडवतो, बेअरिंग कोरडं पडतं, आणि एके दिवशी सगळं आवळून बसतं. पण तोवर गाडी दुसऱ्याच्या दारात गेलेली असते.

चहाच्या दुकानात हे तो स्वतःच रंगवून सांगायचा. माझी गाडी भुसा खाऊन गप्प बसते, म्हणायचा, तुमच्या सासवांना जमेल का? अख्खं दुकान खिदळायचं.

अशीच एक राखाडी गाडी, घरातली पाच माणसं ऐसपैस बसतील एवढी, त्याने टेलरमास्तरांच्या गळ्यात मारली. मास्तरांना गाडीची हौस नव्हती. त्यांच्या आईला दमा. म्हातारीचा श्वास अवेळी कोंडायचा, आणि हॉस्पिटल चढणीच्या पलीकडे. तेवढ्यासाठी गाडी.

ताबा घ्यायच्या दिवशी म्हातारीला मागच्या सीटवर बसवून चौकापर्यंत फेरी झाली. डोळ्यांनी ती अधू, पण कान असे की शेजारच्या घरात सुई पडली तर हिला कळावी. गाडी परत येऊन थांबली, तशी ती म्हणाली, "खाली कोणीतरी दळतंय रे."

मास्तरांना काही ऐकू आलं नव्हतं. मिस्त्रीला मात्र कळलं, म्हातारीने भुसा ऐकलाय. पण बहाद्दर हसला, खिडकीत वाकला, म्हातारीचा गाल थोपटला आणि म्हणाला, "सवय होईल, आजी."

उन्हाळ्यात एका रात्री म्हातारीचा श्वास कोंडला. मास्तर तिला घेऊन निघाले. चढणीच्या मध्यावर गाडी किंचाळली, खालून दणका बसला आणि चाकं जागच्या जागी आवळली. ना पुढे, ना मागे. फोनही लागेना. आईला पाठीवर घेऊन चढण चढण्यापेक्षा खाली पळून गाडी आणणं बरं, असं त्यांना वाटलं. एक ट्रकवाला मिळाला, त्याला घेऊन ते परत आले, तेव्हा म्हातारी मागच्या सीटवर ताठ बसलेली होती. तोंड उघडं. डावा तळहात काचेला टेकलेला.

मिस्त्री मयताला आला. सगळ्यांपेक्षा जास्त रडला. आणि आठवडा उलटायच्या आत मास्तरांना विचारायला गेला, की त्या गाडीचं आता काय करणार? मास्तरांनी मान वर न करता किल्ली त्याच्यापुढे सरकवली.

दुसऱ्या कुणी ती गाडी भंगारात घातली असती. मिस्त्रीने भंगारातल्याच दुसऱ्या गाडीचा गिअरबॉक्स काढून तिला बसवला. तोही रडकाच निघाला. मग पुन्हा वखार आणि पुन्हा ओंजळ. मागच्या काचेवरचा तळहाताचा डाग तेवढा साबणाने निघेना, रॉकेलने निघेना, म्हणून त्याने आतून काळी फिल्म चिकटवून टाकली. गिऱ्हाइकही मिळालं. चढणीपलीकडचं तरुण जोडपं, घरात तान्हं बाळ. बाळ गाडीत झोपतं हो, आवाज नको, असं त्या बाईने बजावून सांगितलं होतं. मिस्त्री म्हणाला, ताई, पाळण्यात झोपेल तसं झोपेल.

डिसेंबरातला पहिला मंगळवार. रात्री सव्वाअकराला तो गाडी पोचवायला निघाला. रात्री अशासाठी, की रस्ता मास्तरांच्या दुकानावरून जातो आणि मास्तर दिवसभर दारात मशीन लावून बसलेले असतात. शिवाय थंडीत ऑइल घट्ट राहतं आणि गाडी शहाण्यासारखी वागते. सकाळी ताबा द्यायचा आणि दुपारच्या बसने परत यायचं, असा साधा बेत.

दुकान बंद होतं. दिवे मागे पडले. पहिला, दुसरा, तिसरा, गिअर लोण्यात सुरी जावी तसे पडत होते. मिस्त्री स्वतःवरच खूश होऊन शीळ घालायला लागला.

चढण लागली आणि ते सुरू झालं.

ऊंऽऽ...

अगदी बारीक. भुसा कमी पडला, तो मनात म्हणाला. चौथा टाकला. आवाज तोच. कारागीर माणूस, घाबरायच्या आधी तपासणार. त्याने क्लच दाबला. क्लच दाबला की गिअरबॉक्सचं रडणं पडतं. पडलं नाही. न्यूट्रल केलं. चालूच. गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं.

गाडी उभी. इंजिन बंद.

ऊंऽऽ... खर्र... ऊंऽऽ... खर्र...

गिअरबॉक्स पुढे असतो. पायाजवळ. हे मागून येत होतं.

आणि ते दाते नव्हते.

श्वास होता.

आरशात बघायचं नाही, असं त्याने ठरवलं. बघितलं. मागची सीट रिकामी. फक्त काचेवरची काळी फिल्म... कोपऱ्यापासून सुटत होती. हळूहळू. नखाने सोलावी तशी.

त्याने दार ढकललं. आवळलेलं. पलीकडचं. तेही.

खर्र... थांबलं.

किती वेळ थांबलं, कोण जाणे.

मग कानाशी. दमलेलं. प्रेमळ.

"खाली कोणीतरी दळतंय रे."

माफी मागायला तोंड उघडलं, असं मिस्त्री सांगतो. मला खरं वाटत नाही. पण तोंड उघडलं होतं, एवढं खरं. कारण त्यात काहीतरी शिरलं. कोरडं. बारीक. ओंजळभर...

...

सकाळी दूधवाल्याला गाडी दिसली. दारं सगळी नुसती लोटलेली, बोट लावलं की उघडणारी. मिस्त्री मागच्या सीटवर ताठ बसलेला. तोंड उघडं. डावा तळहात काचेला टेकलेला. मेला नव्हता. तेवढी दया म्हातारीने केली नाही.

शहरातल्या मेकॅनिकने गाडी खोलली. ऑइल मधासारखं स्वच्छ, गिअरबॉक्सात भुशाचा कण नाही. ओंजळभर भुसा गेला कुठे?

मिस्त्री आडवा झाला की छातीतून ऊंऽऽ सुरू होतं. कुशीवर वळला की गिअर बदलावा तसा सूर बदलतो. बायकोने आठवडाभर कानात बोळे घातले, मग खाट ओढून अंगणात नेली. डॉक्टरांनी छातीचे फोटो काढले. स्वच्छ, म्हणाले, हवा खा. झोप म्हणजे काय, ते मिस्त्री विसरला. डोळा लागला रे लागला, की आत कोणीतरी दळायला बसतं.

शेवटी तो मास्तरांच्या दारात गेला. हे त्यानेच मला सांगितलंय, खोकत खोकत. मास्तर मशीनवर होते. हा पायरीवर बसला आणि बोलू लागला. मास्तर, तुमची आई आहे, तुमचं ऐकेल, तिला सांगा, एक रात्र तरी झोपू दे. मशीन चालूच. मग त्याला खोकल्याची उबळ आली. वाकला तो थेट मशीनच्या पाटावर, आणि शिवायला घेतलेल्या पांढऱ्या कापडावर काहीतरी सांडलं.

मशीन थांबलं.

मास्तरांनी ते चिमटीत उचललं. ओलसर, पिवळसर, बारीक. नाकाशी नेलं. लाकूड आणि ऑइल. मग त्यांनी कापड झटकलं, सुईखाली नीट लावलं, आणि मिस्त्रीचा गाल थोपटला.

"सवय होईल, मिस्त्री."