हातांची रोवणी

धनिराम कापगते शुद्धीवर आले तेव्हा त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा कुणाच्या तरी मुठीत होता. मग बोटांची पाठ घोट्यावरून हलकेच फिरली, चादर टाचेखाली खोचली गेली आणि पावलावर तळहाताने दोनदा थोपटलं गेलं.

डोळे न उघडताच ते म्हणाले, "निघालीस का ड्युटीवर?"

"ड्युटीवरच आहे मी, काका," एक अनोळखी आवाज म्हणाला. "बाजारात उन्हानं भोवळ आली तुम्हाला. पडून राहा जरा."

धनिरामांनी डोळे उघडले. तिशीतली एक नर्स सलाइनची नळी बघत उभी होती. छातीवरच्या पट्टीवर नाव होतं, एस्तेर साळवे. हळूहळू त्यांना आठवलं. आपण साकोलीचे, पंप दुरुस्त करणारे. सुटे भाग घ्यायला जालन्याला आलो. आणि जिचा हात म्हणून आपण बोललो ती वत्सला गेल्याला दोन हिवाळे झाले.

"बाई," ते म्हणाले, "आत्ता तुम्ही माझ्या पायाला काय केलं?"

"पाय थंड आहेत का पाहिलं."

"ते नाही. त्याच्यानंतर."

एस्तेरने आपल्या हाताकडे पाहिलं. "ते होय," ती म्हणाली. "ते रोवणीतून आलंय. आम्हा सगळ्यांनाच आहे ते."

त्या सुमारास राज्यातल्या हजाराहून जास्त रुग्णालयांत रोवणी झालेली होती. शब्द भंडाऱ्याकडचा. पऱ्ह्यात वाढवलेली धानाची रोपं उपटून चिखल केलेल्या बांधीत लावतात, त्याला तिकडे रोवणी म्हणतात. रुग्णालयांच्या बाबतीत जे घडलं ते याहून फार वेगळं नव्हतं.

सगळी सुरुवात साकोलीच्या नर्स वत्सला कापगते यांच्या वॉर्डापासून झाली. ऑपरेशन झालेल्या रुग्णाच्या रक्तात जंतू पसरले की काही तासांत खेळ संपतो. ते वेळेवर ओळखता आलं तरच माणूस वाचतो. साकोलीच्या त्या लहानशा वॉर्डात असे मृत्यू जवळपास थांबले होते. मोठमोठ्या शहरांतून समित्या आल्या. वॉर्डात काय करतात ते टिपून नेलं, तक्ते छापले, प्रशिक्षणं घेतली. दुसरीकडे मात्र काहीच बदललं नाही. आरोग्यसेवेत हे जुनंच दुखणं होतं. एका ठिकाणी एखादी गोष्ट विलक्षण चांगली चालायची, तिची नियमावली व्हायची आणि दुसऱ्या ठिकाणी पोचेपर्यंत तिच्यातला जीव गेलेला असायचा.

पुण्याच्या मेंदूशास्त्रज्ञ डॉ. ऋजुता खांबेटे यांना वाटलं, ती गोष्ट नियमांत नसेलच कदाचित, हातांत असेल. सायकल चालवणाऱ्याला तोल कसा सांभाळतो ते सांगता येत नाही, कारण ते ज्ञान शब्दांत नसतं. मेंदूच्या तळाशी, हालचालींच्या लयीत साठलेलं असतं. त्यांनी वत्सलाबाईंच्या डोक्यावर एक हलकं जाळीचं टोपडं चढवलं आणि सबंध उन्हाळाभर त्या काम करत असताना ती लय टिपून घेतली. त्या नोंदीला नाव दिलं सवयबीज. दुसऱ्या नर्सने तसलंच टोपडं घालून काही आठवडे झोपायचं, झोपेत ती लय तिच्या मेंदूत हळूहळू मूळ धरायची. जागी झालेली नर्स वॉर्डात जायची आणि तिचे हात वत्सलाबाईंसारखे चालायचे. जिथे जिथे रोवणी झाली तिथे तिथे माणसं वाचायला लागली.

यात एकच गोम होती. वत्सलाबाईंच्या नेमक्या कोणत्या हालचालीमुळे माणूस वाचतो, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून बीज आख्खं पेरलं गेलं. थंड पाय ओळखणारी बोटंही गेली आणि त्यानंतरचं ते थोपटणंही गेलं.

धनिरामांना बीजाबद्दल माहीत होतं. बायकोचं काम राज्यभर पोचलं याचा अभिमानही होता. पण रोज सकाळी ड्युटीवर निघताना ती आपलं पांघरूण नीट करून पावलावर थोपटायची, तेसुद्धा बीजाबरोबर गेलं असेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्यांना मूलबाळ नव्हतं. वत्सला गेली तेव्हा सगळंच गेलं असं ते धरून चालले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांना घरी सोडायचं ठरलं, तर त्यांनी पोट दुखतंय म्हणून सांगितलं.

त्यानंतर धनिराम गावोगाव हिंडू लागले. पंपाची कामं मुद्दाम लांबची घ्यायचे. हिंगोलीला गेले की तिथल्या दवाखान्यात जायचे, वाशिमला गेले की तिथल्या. पाय गार पडतात, म्हणायचे. कुठे पोक्त नर्स असे, कुठे नुकतीच लागलेली मुलगी, एके ठिकाणी तर मिशीवाला धिप्पाड ब्रदर होता. ते डोळे मिटून पडून राहायचे आणि वत्सला यायची. क्षणभरच. मग ती पुढच्या खाटेकडे जायची.

पावसाळा सरत आला तेव्हा डॉ. खांबेटे साकोलीला त्यांच्या दुकानात आल्या. धनिरामांनी हात पुसून खुर्ची पुढे केली.

"एकच माणूस गार पायांची तक्रार घेऊन इतक्या दवाखान्यांत दिसला, म्हणून नाव पाहिलं," त्या म्हणाल्या. "काका, मी रागवायला आले नाही. मला तुमची संमती हवी आहे. बीज तुमच्या पत्नीचं होतं, त्यांच्यामागे त्यावर हक्क तुमचा आहे."

"कशाची संमती जी?"

"निंदणाची. रोवणी झाल्यावर तुम्ही बांधीतलं तण काढता ना? आता आम्हाला कळलंय की काम करतो तो बीजाचा पहिला भाग. अंगठा धरणं, घोट्याची ऊब बघणं. बाकीचं रुग्णाला लागत नाही. ते काढून टाकायचं."

"बाकीचं म्हणजे थोपटणं."

"हो."

धनिरामांनी पंपाच्या उघड्या पडलेल्या मोटारीवर फडकं टाकलं. "राहू द्या ना जी. कुणाचं काय वाईट करतं ते?"

"ज्यांच्या हातांत ते आहे त्यांचं करतं," खांबेटे म्हणाल्या. "हात काही वॉर्डात काढून ठेवता येत नाहीत, काका. नर्स घरी जाते तेव्हा तेच हात घेऊन जाते. नवी सवय जुनीच्या डोक्यावर वाढते. जुनीची मुळं काही वर्षं जिवंत राहतात, मग मरतात. मुळं जिवंत आहेत तोवर वरचं काढलं तर जुनी पुन्हा फुटेल. उशीर झाला तर नाही फुटणार."

"मी नाही देत संमती," धनिराम म्हणाले. "तण नोका म्हणू तिला."

खांबेटे उठल्या. जाताना म्हणाल्या, "जालन्याची एस्तेर साळवे तुम्हाला आठवत असेल. तिचीही तक्रार आहे. तुम्हाला तिचं नाव सांगायला तिची हरकत नव्हती."

धनिराम पंधरवडाभर कुठेच गेले नाहीत. मग जालन्याची गाडी धरली.

एस्तेरचं घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत खाटेवर तिची आई बसलेली असायची, मार्थाबाई. तिची नजर एस्तेरच्या शाळेच्या दिवसांतच गेली होती. एस्तेरची मुलगी रूथ चार वर्षांची होती, नवरा ट्रकवर असायचा. धनिराम कोण आहेत हे कळल्यावर एस्तेरने चहा टाकला आणि त्यांच्यासमोर खाली बसली.

"तुमच्या बाईंमुळे माझ्या हातून किती माणसं वाचली म्हणून सांगू," ती म्हणाली. "ते कुणी काढून घेत असेल तर मी भांडेन. पण आईचं असं आहे, काका. तिला दिसत नाही. ती माणूस हातावरून ओळखते. लहानपणापासून मी कामावरून आले की तिच्या केसांत बोटं घालून बसायचे, मग बोलायला लागायचे. आता आले की हात आधी तिच्या पायाकडे जातो. मला कळतंसुद्धा नाही."

"मुद्दाम करून पाहिलं केसांचं?"

"पाहिलं. तर म्हणाली, कोण गं तू?"

खाटेवरून मार्थाबाई बोलली. "सगळं ऐकते मी. वाईट न्हाई हात. मायाळू आहे. पर रोज संध्याकाळी कुणी परकी बाई येऊन माझे पाय थोपटून जाते. आवाज माझ्या पोरीचा, अन् हात दुसरीचा. मला भ्या वाटतं, भाऊ."

परक्या बाईचा म्हणून जो हात ही म्हातारी नाकारत होती, त्याच्यासाठी धनिराम चार जिल्हे फिरले होते. कुणाची तरी लेक बाजूला सारून तो हात त्यांच्यापर्यंत पोचत होता हे त्यांना कळलं नव्हतं. चहा तसाच ठेवून ते बाहेर ओट्यावर गेले आणि त्यांनी खांबेट्यांना फोन लावला.

"काढा जी," ते म्हणाले. "पण सगळ्यांचं एकदम नोका काढू. ज्याला त्याला विचारा. आणि पयले या पोरीला विचारा."

पलीकडून खांबेट्यांनी विचारलं, "नक्की ना, काका?"

"लवकर करा. मन फिरेल माझं."

निंदणाच्या आदल्या दिवशी खांबेटे स्वतः टोपडं घेऊन जालन्याला आल्या. धनिरामही आले. कशाला आले ते त्यांनाच नीट सांगता आलं नसतं. एस्तेरचे हात पुन्हा एकदा बघायचे होते, एवढं खरं. पण त्या दिवशी ते नुसते दाराशी बसून राहिले, पाय जवळ ओढून.

दुपारची वेळ होती. खांबेटे एस्तेरला समजावून सांगत होत्या. किती झोपायचं, सुरुवातीला हात कसे अडखळतील, आईच्या केसांकडे बोटं पुन्हा वळायला किती दिवस लागतील. मार्थाबाई कान देऊन ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर सणाच्या आदल्या दिवसासारखं काहीतरी होतं.

कोपऱ्यात रूथ खेळत होती. तिने कापडाची बाहुली उशीवर निजवली. बाहुलीचा पाय मुठीत धरला. बोटांची पाठ फिरवली. ओढणीचा तुकडा पायाखाली खोचला आणि वरून दोनदा थोपटलं.

बोलता बोलता खांबेटे थांबल्या.

"हिला टोपडं कुणी घातलं होतं?"

"छे हो," एस्तेर म्हणाली. "इतक्या लहान लेकराला कोण घालेल?" मग तिचंही लक्ष बाहुलीकडे गेलं.

खांबेटे मुलीजवळ जाऊन बसल्या. "बाहुलीला असं का करतेस गं?"

"झोप येते तिला," रूथ म्हणाली. "मम्मी असंच करते. नाय केलं तर भीती वाटते."

धनिराम उठून उभे राहिले होते. दाराची चौकट त्यांनी घट्ट धरली होती.

"हिचा जन्म रोवणीनंतरचा," खांबेटे सावकाश म्हणाल्या, जणू स्वतःशीच. "आईचा दुसरा हात हिला माहीतच नाही. आम्ही नर्सेसची यादी केली. त्यांच्या मुलांचा विचार कुणीच केला नाही. या मुलांत बीज नाही, काका. नुसती आई आहे. हे निंदता येत नाही."

"किती असतील अशी?" धनिरामांनी विचारलं.

"हजारो. आणि पुढे त्यांची मुलं."

एस्तेरने मुलीला मांडीवर घेतलं. "उद्या मी टोपडं घातलं," तिने विचारलं, "तर हिला निजवताना माझा हात कसा पडेल?"

"तुमचा म्हणून जो होता तसा."

"हिला तो ओळखू येईल?"

खांबेट्यांनी मान हलवली. येईल असंही नाही, येणार नाही असंही नाही. "शिकेल हळूहळू," त्या म्हणाल्या. "मुलं शिकतात."

"माझी आई शिकली नाही," एस्तेर म्हणाली.

रूथ तिच्या बांगडीशी खेळत होती. एस्तेर आईकडे बघायची, मग मुलीकडे. तिचा हात एकदा आईच्या डोक्याच्या दिशेने उचलला गेला आणि अर्ध्यातच थांबला. शेवटी टोपड्याची पेटी तिने खांबेट्यांकडे सरकवली.

"घेऊन जा, मॅडम. मी नाही घालत."

खांबेट्यांनी आग्रह केला नाही. इतर रुग्णालयांतून त्यांना नंतर जे कळत गेलं ते असंच होतं. एकट्यादुकट्या नर्सेसनी निंदण करून घेतलं. लहान मुलं असलेल्या बहुतेकींनी पेट्या परत पाठवल्या. मृत्यूंचे आकडे खाली आले ते खालीच राहिले, आणि त्या यशाचं वर्णन करणाऱ्या अहवालात या गोष्टीसाठी कुठे जागा नव्हती.

पण त्या दुपारी खांबेटे पेटी घेऊन गाडीकडे गेल्या, एस्तेर रूथला निजवायला आतल्या खोलीत गेली आणि बाहेर धनिराम आणि मार्थाबाई असे दोघेच उरले. आपल्याला आनंद झालाय हे धनिरामांच्या लक्षात आलं आणि त्यांना शरम वाटली. वत्सला आता जाणार नव्हती. त्यांच्यानंतरही ती राहणार होती, कधी न पाहिलेल्या पोरांच्या हातांत, त्यांच्या घरांत. निघण्यापूर्वी म्हातारीचा निरोप घ्यावा म्हणून ते खाटेजवळ वाकले.

मार्थाबाईने चाचपडत त्यांचा हात धरला. बोटं फिरवून नीट ओळखून घेतला.

"भाऊ," ती म्हणाली, "तुमची बायको तुम्हाला माझ्या घरात घावली. बरं झालं. तिला एवढं इचारा, माझी पोर कुठं गेली."

तिने हात सोडला नाही. ती उत्तराची वाट बघत राहिली.