अमेरिकेच्या कॅमेऱ्यातलं लग्न

बारामतीला दुरुस्तीला टाकलेला टीव्ही आणायला मी गेलो होतो. साल चौऱ्याण्णव. मेकॅनिकनं टीव्हीच्या पाठीमागची एक बारीक मूठ दाखवली. म्हणाला, "आबा, चित्र वर पळाया लागलं तर ही हळू फिरवा. थांबतंय." मी टीव्ही गोधडीत बांधला आणि एसटीत मांडीवर घेऊन निरवांगीला आलो. टपावर टाकायला ते काही कांद्याचं पोतं नव्हतं.

घाई होती, कारण माझी लेक दिपाली लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली होती. तिला तिच्या लग्नाची फिल्म बघायची होती. ती रांगत होती तेव्हाच तिची आई गेली. मी दुसरी केली नाही. एकट्यानं वाढवली. तिनं काही मागितलं आणि मी दिलं नाही असं फारसं झालं नाही.

जावई मल्हार कळंबचा. बिजवर होता, पण माणूस सरळ. त्याची पहिली बायको सुकन्या तापानं गेली होती. हे स्थळ माझ्या बहिणीनं, रंगूबाईनं आणलं. तिला कळंबलाच दिलेली आहे.

आमच्यात एक रीत आहे. पहिली बायको वारली आणि माणसानं दुसरी केली, तर पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक करतात. टाक म्हणजे पत्र्यावर ठोकलेली मूर्ती. नव्या नवरीनं तो गळ्यात घालायचा. मग गेलेलीला घरात जागा मिळते. ती दुसरीकडं जागा शोधत नाही. लग्नात दिपालीच्या गळ्यात टाक होता. मी स्वतः बघितला होता.

लग्नाचं शूटिंग माझ्या पुतण्यानं, शंभूराजनं केलं. तो नोकरीला अमेरिकेत होता. येताना तिथल्या टीव्हीवाल्यांचा जुना कॅमेरा घेऊन आला. खांद्यावर घ्यायचा, बकऱ्याएवढा जड. लोक नवरा-नवरी सोडून कॅमेराच बघत होते.

दुपारची वेळ होती. पडद्यावर ऊन पडू नये म्हणून आम्ही खिडक्यांना पोती लावली आणि दार ओढून घेतलं. आत अंधार झाला. ओल्या पोत्यांचा कुबट वास, त्यात कारखान्याकडून येणारा मळीचा आंबट वास. शंभूराजनं कॅमेऱ्याची वायर टीव्हीला जोडली. मी, दिपाली आणि तिला घेऊन कळंबहून आलेली रंगूबाई खाली बसलो.

चित्र लागलं, पण काळं-पांढरं. आणि ते वर पळत होतं. माणसांची डोकी वर निघून जायची, खालून त्यांचे पाय यायचे.

"आगं बया!" रंगूबाई म्हणाली. "माझं जांभळं लुगडं काळं झालं की!"

"आत्या, मयताला आल्यागत दिसतीस," दिपाली हसली.

"शंभ्या, एवढी मोठी तोफ आनली, आनि उडाली कशी रं ही?"

शंभूराज वरमला. "आत्या, तिकडची पद्धत निराळी हाय. तिकडचा कॅमेरा सेकंदाला तीस चित्रं काढतो. आपला टीव्ही पंचवीस दाखवतो. त्यानं चित्र पळतंय. रंगबी तिकडचे निराळे, आपल्या टीव्हीला ते कळत न्हाईत. पुण्यात एक दुकान हाय, तितनं आपल्यागत कॅसेट करून आनतो."

"म्हंजे ह्या टीव्हीवर रंग येनारच न्हाय?" मी विचारलं.

"न्हाय तात्या. एकबी रंग येनार न्हाय."

आम्ही तसंच बघत राहिलो. मांडवातल्या ट्यूबलाइटी कॅमेऱ्यात धडधडत होत्या. सगळ्यांचे चेहरे उजळत, काळवंडत. अक्षता चालल्या होत्या.

तेव्हा दिपालीनं बोट दाखवलं.

"तात्या... ती हिरव्या लुगड्यातली कोन वो?"

मांडवाच्या खांबाजवळ एक बाई उभी होती. लुगडं हिरवंगार. हातात कोपरापर्यंत चुडा. कपाळभर मळवट, लालभडक. सगळा मांडव राखेच्या रंगाचा आणि ती एकटी रंगात. मी पुढं सरकलो. सगळं चित्र वर पळत होतं, खांबसुद्धा पळत होता. ती पळत नव्हती. काचेवर एका जागी उभी होती. ट्यूबलाइटीची धडधड तिच्या तोंडावर पडत नव्हती.

"शंभ्या, एकबी रंग न्हाय म्हनालास..."

 तो वायर हातात धरून बघत राहिला.

मला मेकॅनिकची मूठ आठवली. मी पाठीमागं हात घालून ती फिरवली. चित्र हळू झालं. मग थांबलं. सगळा मांडव जागेवर उभा राहिला.

आणि ती चालू लागली.

माणसांमधून नाही, माणसांवरून चालली. कुणी तिला वाट दिली नाही. ती पाटावर उभ्या असलेल्या दिपालीपाशी आली. तिच्या गळ्यातला टाक दोन बोटांत उचलला. वाकून बघितला. आणि टाकून दिला.

माझ्याशेजारी बसलेल्या दिपालीनं गळ्याला हात लावला. "तात्या, गार लागलं..."

"बंद कर!" रंगूबाई ओरडली. "बंद कर ते!"

तेवढ्यात लाईट गेली. टीव्ही बंद झाला की काचेच्या मधोमध एक ठिपका उरतो, पांढरा. त्या दिवशी तो हिरवा होता. विझायला त्यानं फार वेळ घेतला.

मी दार उघडलं. रंगूबाई मला ओट्यावर घेऊन आली. 

"दादा, ती सुकन्या. तिला मसनात न्हेताना मी मळवट भरला हुता. ह्याच हिरव्या लुगड्यात."

मी तसाच कळंबला गेलो. व्याही बापूसाहेब गोठ्यात उभे होते. मी चहा घेतला नाही.

"टाक कुनाच्या नावाचा घातला माझ्या लेकीला?"

"आवं, बसा की मानसिंगराव..."

"मी बसाया आलो न्हाय."

बापूसाहेबांनी खाली बघितलं. "घरात एक हुता की. माझ्या बाच्या पयल्या बायकूचा. म्हनलं चांदी ती चांदी. नवा कशाला करायचा?"

"मान्सागनिक टाक असतोय, बापूसाहेब. त्या सुकन्यानं कुठं बसायचं?"

"चुकलं." ते म्हणाले. "उद्याच करू."

केलाही. बारामतीच्या सोनारानं सुकन्याच्या नावानं नवा टाक ठोकून दिला. जुना देव्हाऱ्यात ठेवला. हिरवं लुगडं आणि बांगड्या ठेवून सुकन्याची ओटी भरली. मी समोर उभा राहून सगळं करून घेतलं, टाक माझ्या डोळ्यांदेखत दिपालीच्या गळ्यात पडला, तेव्हाच तिला सासरी धाडली. ती निमूट गेली. वेशीपाशी वळून बघायची तिची लहानपणापासूनची सवय. त्या दिवशी बघितलं नाही. मला वाटलं, आता ती मोठी झाली.

दिवाळीला ती आली. अंगावर हिरवं लुगडं होतं. सासरी घेतलं असेल म्हणून मी विचारलं नाही.

शंभूराज पुण्यातून नवी कॅसेट घेऊन आला. भाड्याचा व्हीसीआर आणला. ह्या वेळी मी खिडक्या उघड्या ठेवल्या. दार उघडं ठेवलं.

चित्र लागलं. स्थिर, रंगीत. रंगूबाईचं लुगडं जांभळं दिसलं. झेंडू पिवळे, पताका लाल. मल्हारचा फेटा गुलाबी. खांबाजवळ कुणी नव्हतं. मी पुन्हापुन्हा बघितलं. कुणीच नव्हतं. मी श्वास सोडला.

मग कॅमेरा पाटाकडं वळला.

पाटावर दिपाली उभी होती. पिवळ्या लुगड्यात उभी केली होती मी तिला, हळद लावलेली. पण तिच्या अंगावर रंग नव्हता. लुगडं राखेचं, तोंड राखेचं, हात राखेचे. भोवती सगळं लग्न रंगात आणि ती एकटी काळी-पांढरी. आणि ती मल्हारकडं बघत नव्हती. सरळ बाहेर बघत होती, माझ्याकडं. तिचं तोंड हलत होतं. आवाज बँडचाच येत होता.

शंभूराजनं कॅसेट मागं घेऊन पुन्हा लावली. तेच.

माझ्या शेजारी दिपाली बसली होती. ती पुढं वाकून, डोळे बारीक करून बघत होती. बांगड्या मागं सारल्या. मग तिनं पाटावरच्या नवरीकडं बोट केलं.

"ही कोन वो?" तिनं मला विचारलं. "हिला मी कळंबात कधी बघितली न्हाय."