उरिएलच्या गाण्यातलं नाव

कोंबीत, म्हणजे उतारूंच्या छोट्या बसमध्ये, चढलं की आधी सगळ्यांना नमस्कार करायचा ही एकातेपेकच्या टेकडीवरची रीत. तो पोरगा रीत पाळायचा आणि मगच गळ्यातला स्पीकर सुरू करायचा. नाव एलेआसार, पण टेकडीवर सगळे त्याला तिस्ने म्हणायचे, म्हणजे काजळी. उतारूंवर उभ्या उभ्या यमकं जुळवून चार नाणी मिळवणं हा त्याचा दिवसाचा धंदा. त्या दुपारी निवडुंगाची पिशवी मांडीवर घेतलेली आजी झाली, घोरणारा वॉचमन झाला, आणि मग त्याची नजर शेवटच्या बाकावरच्या मुलीवर गेली.

"कोपऱ्यातल्या बाईसाहेब, कपाळावर आठी,
एवढा राग धरलात तो सांगा कुणासाठी?"

कोंबी हसली. मुलगी हसली नाही.

"माझ्या भावाला मारणाऱ्यासाठी," ती म्हणाली. "बसतंय का यमक?"

तिस्नेने स्पीकर बंद केला.

तिचं नाव नायेली. तिचा भाऊ उरिएल याच रस्त्यावर कोंबी चालवायचा. हप्ता द्यायला नाही म्हणाला आणि स्टेअरिंगवरच गेला. कुणी मारलं ते टेकडीवरचं शेंबडं पोरही सांगेल, पण सांगत कुणीच नव्हतं. मीही ते नाव इथे लिहीत नाही. मला याच उतारावरून रोज तोर्तियाच्या पोळ्या आणायला जायचं असतं.

ती उतरली तसा तोही मागोमाग उतरला आणि माफी मागू लागला. माफी नको, ती म्हणाली, उरिएलला वर्ष होईल तेव्हाच्या मिस्सासाठी, चर्चमधल्या प्रार्थनेसाठी, गाणं कर. पण ज्याने मारलं त्याच्या नावासकट कर.

गेलेल्यांवरची गाणी तिस्नेला नवी नव्हती. बारा वर्षं तो रॅप करत होता. शहरातून एक कंपनीवाला आला होता, त्याला गाण्यात गाड्या, मुली आणि बंदुका हव्या होत्या. तिस्नेने त्याला कॉफी पाजून वाटेला लावलं. त्याची गाणी बाजाराच्या दिवशी पथारीवर पेनड्राइव्हमध्ये विकली जात, बस्स. पण कुणाचा मुलगा गेला की आया त्याच्याकडेच येत. त्या गाण्यांत मेलेल्याचं नाव असे, मारणाऱ्याचं कधीच नसे. म्हणून तर तो अजून जिवंत होता.

उरिएलची माहिती काढायला तो नायेलीच्या घरी येऊ लागला. "खरं सांग हं. मेलेला माणूस घरच्यांच्या तोंडी लगेच संत होतो." मग नायेलीने सांगितलं, उरिएल तिची बिस्किटं चोरायचा, मुलींसमोर बोबडा व्हायचा. सांगता सांगता ती हसली... आणि आपण हसलो म्हणून स्वतःवरच चिडली. आई, दोन्या चेलो, गॅसपाशी उभी राहून ऐकायची. मुलगा पुरल्यापासून तिचं बोलणं मीठ-पाण्यापुरतं उरलं होतं.

तिस्नेचा स्टुडिओ म्हणजे कपड्यांचं कपाट. वर पत्रा, त्यामुळे पाऊस आला की काम बंद. नायेली गाणं ऐकायला गेली आणि नेमका धो धो पाऊस आला. दोघं कपाटाच्या दारात खांद्याला खांदा लावून बसून राहिले. ओल्या कपड्यांचा वास, आणि त्याच्या बाहीचा ऊबदार स्पर्श...

"थांबेल आता," तो म्हणाला.

"थांबायलाच हवा का?" ती बोलून गेली आणि कानापर्यंत लाल झाली.

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "कोंबीत मी कुणावरही दोन ओळी करतो. तुझ्यावर — तुझ्यावर एक सुचत नाही."

"मग कसला रे तू रॅपर?"

"तेच तर म्हणतोय."

त्या दिवसानंतर नायेली घाबरली. ज्या नावासाठी तिने हट्ट धरला होता तेच तिला नकोसं झालं. "काढून टाक ते नाव," ती म्हणाली. "तू घेतलंस तर तुला टेकडी सोडावी लागेल. नाहीतर... एक पुरलाय मी. पुरे झालं."

"आणि उरिएल?"

"त्याची समजूत मी काढेन. तू शब्द दे."

त्याने शब्द दिला.

मिस्सा झाला. गल्लीत ताडपत्री बांधून मोलेचा तिखट रस्सा आणि भाताची पंगत बसली. कोपऱ्यावर हप्तेवाल्याची दोन माणसं मोटरसायकलला टेकून उभी होती. तिस्ने गायला. बिस्किटं आली, बोबडेपण आलं. लोक हसले आणि हसता हसता डोळे पुसू लागले. शेवटच्या कडव्यात एक ओळ अशी येऊन ठेपली की यमकाला एकच नाव बसत होतं. तिथे त्याने माइक खाली केला. ताल नुसताच वाजत राहिला.

एरवी रॅपरने गाळलेला शब्द गर्दी ओरडून भरते. इथे सगळे ताटात बघू लागले. नायेलीचा जीव भांड्यात पडला.

त्याने ती ओळ पुन्हा घेतली, पुन्हा गप्प राहिला. तेव्हा दोन्या चेलोने हातातला डाव खाली ठेवला आणि ते नाव घेतलं. मोठ्याने नाही, पण स्पष्ट. पुढच्या खेपेला तोर्तियावाली बोलली, मग कोंबीवाले, मग अख्खी गल्ली. मोटरसायकल निघून गेली.

संध्याकाळीच हप्तेवाल्याचा निरोप आला: गाणाऱ्याने टेकडी सोडावी. अख्खी गल्ली मारता येत नाही, एक गाणारा मारता येतो.

सकाळी बसस्थानकावर तिस्ने म्हणाला, "मी शब्द मोडला नाही, नायेली."

"माहीत आहे."

"चल माझ्याबरोबर. ओआहाकात मावशी आहे माझी, दोघांना ठेवून घेईल."

नायेलीने त्याच्या जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली. "नाव आईने घेतलंय. आता तिला त्या गल्लीत एकटी कशी सोडू?"

तिस्नेने पिशवी खांद्याला लावली.

"माझं प्रेम आहे तुझ्यावर," ती म्हणाली. "जा आता. जिवंत राहा."

ती घरी परतली तेव्हा दोन्या चेलो दार सताड उघडं टाकून उंबऱ्यावर शेंगा सोलत बसली होती.

"गेला?"

"गेला."

आई जरा सरकली. नायेली तिच्या शेजारी, रस्त्याकडे तोंड करून बसली आणि शेंगा सोलता सोलता रडली.