ओठ सुजलेला माणूस

मला वाटलं, हा कुठेतरी मार खाऊन आलाय.

रक्त घेण्याच्या खुर्चीत तो बसला तेव्हा ओठ टम्म फुगलेले, गाल कानापर्यंत सुजलेला, एक डोळा मिटलेला. बोलता तर येतच नव्हतं. माझ्या नजरेतला संशय त्याने ओळखला असावा. दोन्ही मुठी वर करून त्याने मान हलवली — मारामारी नाही. मला हसू आलं. पेशंटच्या तोंडावर हसू नये, पण आलं. त्याच्या उघड्या डोळ्यातही ते उमटलं...

असं वरचेवर सुजायचं म्हणे, आणि डॉक्टरांना ती साधी ॲलर्जी वाटत नव्हती. म्हणून त्यांनी कॉम्प्लिमेंट नावाच्या प्रथिनांच्या तपासण्या लिहिल्या होत्या. ही रक्तातली प्रथिनं भारी नाजूक. नळी बर्फात ठेवून लगेच प्रयोगशाळेकडे पळावं लागतं. त्यात त्याची शीर नखरेल. कोपराखाली दोन फाटे फुटलेले, आणि सुई टेकली की बाजूला सरकणार. दुसऱ्यांदा टोचलं तेव्हा कुठे हाती लागली. तो हूं की चूं न करता बसला होता. जाताना छातीवर हात ठेवून वाकला, आणि मी बर्फाचा डबा धरून दारात उभीच राहिले.

दिवसभर तो एकच डोळा आठवत होता. सुजलेल्या चेहऱ्यात आठवण्यासारखं काय असतं, मलाही कळेना.

पुढच्या आठवड्यात मी रिपोर्टच्या खिडकीशी बसले असताना एक तरुण आला. सरळ नाक, रेखीव ओठ. पावती त्या सुजलेल्या पेशंटची.

"रिपोर्ट परवा मिळेल. पेशंट तुमचे भाऊ का?"

"हो... भाऊच. थोरला."

"बरे आहेत ना आता?"

"सूज उतरली. शाळेत भूगोल शिकवतो, वर्गावर जायला लागला. का हो, काळजी वाटली?"

"सगळ्याच पेशंटची वाटते."

"सगळ्यांची अशीच चौकशी करता?"

"तुम्ही सगळ्याच खिडक्यांशी असे रेंगाळता?"

तो हसला, आणि माझ्या हातातला शिक्का कागदाऐवजी टेबलावर उमटला.

घरी धाकट्या बहिणीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ताई, एक काय ते ठरव. थोरला की धाकटा?" ठरवता आलं असतं तर तिच्याशी कशाला बोलले असते? धाकट्याचं बोलणं आठवलं की गंमत वाटायची, आणि लगेच थोरल्याची आठवण येऊन अपराधी वाटायचं. दोघांपैकी एकालाही मी धड ओळखत नव्हते.

सांगितल्याप्रमाणे दोन दिवसांनी तो आला. मी विचारलं, "भावाला नाही आणलंत?"

"सारखं त्याचंच काय? मी उभा आहे ना समोर."

"ते काही बोलले नाहीत, तरी... चांगले वाटले."

त्याचा चेहरा विचित्र झाला. आनंद म्हणावा की हेवा, काही कळेना.

रिपोर्ट मात्र गमतीचा नव्हता. नीट समजावून सांगा, असं डॉक्टरांनी मला बजावलं होतं, म्हणून त्याला आत बसवून मी सांगायला लागले.

"रक्तात काही प्रथिनं विरघळलेली असतात. जंतू आला की एक दुसऱ्याला उठवतं, दुसरं तिसऱ्याला, घरात चोर शिरल्यावर होतं तसं. मग त्यांना आवरणारंही कुणी लागतं. तुमच्या भावाच्या रक्तात ते आवरणारं प्रथिन फार कमी आहे. चोर नसतानाच धावपळ सुरू होते, आणि सूज येते."

"मग?"

"घशात आली तर श्वास अडकू शकतो. ॲलर्जीच्या इंजेक्शनने ही उतरत नाही, हिचं औषध वेगळं. आज त्यांना डॉक्टरांकडे आणाच." मी नवी सुई काढली. "आणि हे बहुतेक घराण्यात असतं. तुमचंही रक्त हवं. बाही वर करा."

"माझं? ते... नंतर बघू."

"आत्ता."

त्याने हात पुढे केला. मी रबरी पट्टा बांधला, बोटाने चाचपलं — आणि थांबले. दोन फाटे. बोटाखालून सरकणारी शीर. शेजारी माझ्याच सुईच्या दोन खुणा, पिवळ्या पडत आलेल्या.

चेहरे मी विसरते. शिरा नाही.

"भाऊ नाहीये ना तुम्हाला?"

"एक बहीण आहे," तो खाली बघत म्हणाला.

मला संताप आला. हायसं वाटलं. रडूही येईल असं वाटलं, आणि नेमकं कशाने ते समजेना. पट्टा सोडायचंही भान राहिलं नाही.

"का केलंत असं?"

"सुजल्यावर लोक दुसरीकडे बघतात. एक ठरलेलं लग्नही त्यावरून मोडलं. तुम्ही त्या चेहऱ्याची चौकशी करत होतात... ऐकत राहावंसं वाटलं. चुकलंच माझं."

"चुकलंच. मी दोघांमध्ये वेडी झाले होते."

तो चमकून वर बघायला लागला. मी काय बोलून बसले, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. कान तापले. पट्टा सोडला, रिपोर्ट त्याच्या हातात कोंबला.

"आधी डॉक्टरांकडे चला. औषध कायम जवळ ठेवायचं. बहिणीलाही तपासायला आणायचं. सूज आली की थेट दवाखाना गाठायचा, आणि मला फोन करायचा."

"आणि सूज नसेल तेव्हा?"

त्याला माझा चेहरा दिसू नये म्हणून मी दाराकडे वळले.

"तेव्हा रोज करायचा."